कार्ड मशीनवरच्या टीपच्या स्क्रीनला माझे अडीच स्टार

बसलो होतो हॉटेलचा रिव्ह्यू लिहायला, पण जेवणाबद्दल लिहिण्यासारखं काही नाहीये, जेवण ठीक होतं, जागा ठीक होती, एसी जरा जास्त होता, संपलं. लिहायचंय ते बिल देताना समोर आलेल्या मशीनबद्दल, खरं तर अख्ख्या मशीनबद्दल पण नाही, पैसे कापायच्या आधी तिच्यावर जी एक स्क्रीन येते ना "टीप द्यायची का" वाली, तिचा हा रिव्ह्यू. गेल्या वर्षभरात ही बया मला इतक्या ठिकाणी भेटलीय की आता तिच्यावर मत द्यायचा हक्क मला आहे असं मी धरून चाललोय. शिवाय कॉलेजात असताना तीन वर्षं मी वेटरचं काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहितीयेत.

तर झालं असं की आम्ही चौघं गेलो होतो. वेटर म्हणजे अगदी कोवळा पोरगा, नवीनच असावा कारण ट्रे दोन्ही हातांनी धरत होता. पण पोरगं एक नंबर होतं. आमच्यातली एक मैत्रीण डावखुरी आहे, तिनं पहिला ग्लास उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला, आणि दुसऱ्यांदा पाणी भरताना ह्यानं कोणी काही न सांगता तिचा ग्लास डाव्या हाताशी ठेवला. तिच्या लक्षातही आलं नाही, माझ्या आलं, कारण असलं कोणी शिकवत नसतं, ज्याची नजर चांगली असते त्यालाच हे जमतं. मी तेव्हाच ठरवलं की आज ह्याला चांगली घसघशीत टीप द्यायची.

बिल आलं, मी कार्ड काढलं, त्यानं मशीन पुढे केली आणि लगेच मान फिरवून एसीकडे बघायला लागला. हे एसीकडे बघणं मी आता सगळीकडे बघतो, बिचाऱ्यांना कुठे बघावं तेच कळत नाही. स्क्रीनवर तीन मोठ्ठी बटणं, १५ टक्के, २० टक्के, २५ टक्के. त्याखाली बारीक अक्षरात "इतर". त्याच्याही खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या करड्या अक्षरात "टीप नको". एक गंमत सांगतो, स्क्रीनला जो प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो ना, तो बाकी सगळीकडे चकचकीत होता आणि फक्त मधल्या बटणावर बोटं लागून लागून पांढुरका झाला होता. म्हणजे येणारा प्रत्येक माणूस काय करतो ते त्या कागदावरच लिहिलेलं होतं, डावीकडचं दाबलं तर चिंधीगिरी वाटते, उजवीकडचं जिवावर येतं, मग मधलं.

मला द्यायचे होते ३० टक्के. म्हणून मी शहाणपणा करून "इतर" दाबलं, आकड्यांची पाटी आली, मी ३० टाकलं, हिरवं बटण दाबलं, कार्ड टेकवलं, टुक झालं. स्लिप बाहेर आली आणि बघतो तर टीप ३०. टक्के नाही हो, नुसते ३०! माझ्या डोक्यात टक्के आणि मशीनच्या डोक्यात पैसे. तीन बटणं टक्क्यांत आणि चौथ्यावर गेलं की एकदम रक्कम, आणि तसं कुठे लिहिलेलं पण नाही. चार माणसांच्या बिलावर ती टीप म्हणजे खिशातली चिल्लर झटकल्यासारखी होती. पोरानं स्लिप फाडली, आकडा बघितला, आणि अगदी त्याच आवाजात "थँक्यू सर" म्हणाला. तोंडात मारल्यासारखं झालं मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मधलं बटण दाबलं असतं तरी बरं होतं.

आता खरी मजा पुढे. आम्ही चौघांनी खिसे, पर्स, बॅगा सगळं चाचपलं, चौघांत मिळून एक नोट निघाली नाही. चौघं कमावती माणसं बरं का. मग गल्ल्यावर जाऊन मॅनेजरला म्हटलं की अहो चूक झाली, टीपचे उरलेले पैसे वेगळे स्वाइप करून घ्या. तर म्हणे, सर, नुसती टीप नाही घेता येत, सिस्टीमला आधी ऑर्डर लागते. म्हटलं मग एक पाण्याची बाटली लावा आणि तिच्यावर टीप घ्या. तो हसला आणि म्हणाला बाटलीच्या कित्येक पट टीप टाकली तर वरून फोन येतो. राहू द्या सर, म्हणाला. म्हणजे राहू द्या हे तो म्हणतोय, ज्याचे पैसे आहेत तो पोरगा तिकडे टेबल पुसतोय.

दोन दिवसांनी मी नोट घेऊन मुद्दाम परत गेलो. घरी बायको म्हणाली एवढं काय त्यात, पण ज्यानं कधी टीपवर महिना काढलाय त्यालाच ते कळतं. पोरगा भेटला, पैसे दिले, आधी घेईना, मग घेतले. आणि सहज विचारलं, कार्डावर आम्ही टीप देतो ती मिळते का रे तुम्हाला? त्यानं आधी गल्ल्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मिळते म्हणतात सर. पगाराला एकच आकडा येतो, त्यात टीप किती नि पगार किती ते नाही कळत." कोणाच्या टेबलावर कोणी किती दिले तेही कळत नाही, आणि त्या दिवशीचे माझे ते तीस पण कुठे गेले ते त्याला माहीत नाही.

तर माझा सगळा राग ह्या एका गोष्टीवर आहे. स्क्रीन माझ्याकडून पैसे मागताना किती बोलकी असते, मोठी बटणं, रंगीत, टक्के आयते काढलेले, आणि पैसे घेतले की एकदम गप्प. मला पावती देते, मालकाला रात्री पूर्ण हिशोब देते, आणि ज्याच्या नावानं पैसे मागितले त्याला काहीच सांगत नाही.

जरा मागचं सांगतो, म्हणजे ही स्क्रीन आली कुठून ते कळेल. पूर्वी कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीवर काम चालायचं तेव्हा वेटर कार्ड घेऊन आत जायचा, बिलाएवढी रक्कम मंजूर करून आणायचा आणि सहीची स्लिप फोल्डरमध्ये घालून टेबलावर ठेवायचा. त्या स्लिपवर एक रिकामी ओळ टीपची आणि खाली एकूण रक्कम. तुम्ही निवांत आकडा लिहायचा, सही करायची, फोल्डर मिटायचं आणि निघायचं. रात्री गल्ल्यावर बसून कोणीतरी एकेक स्लिप बघून टीपचे आकडे मशीनमध्ये भरायचं आणि मग बँकेकडे जायचं. अमेरिकेत अजूनही बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. पण चिप आणि पिन आल्यावर गंमत झाली, पिन टाकायचा म्हणजे रक्कम आधीच पक्की पाहिजे, नंतर वर चढवता येत नाही, मग टीप विचारायची कधी तर पिनच्या आधी, आणि विचारायची कोणासमोर तर ज्याच्या हातात मशीन आहे त्याच्यासमोर. जे फोल्डरच्या आत गुपचूप व्हायचं ते तोंडासमोर आलं. हे कोणी दुष्टपणानं केलेलं नाही हे मान्य, मशीनच्या चालीमुळे झालं. पण बटणांवर काय आकडे लावायचे ते मशीन ठरवत नाही, ते हॉटेलवाला सेटिंगमध्ये जाऊन टाकतो, तिथे मात्र माणसाचा हात आहे.

आणि त्या आकड्यांनी फरक पडतो. करीम हागाग आणि जिओव्हानी पाची ह्या दोघांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींतल्या कार्ड मशीनवर अभ्यास छापला होता, टॅक्सी म्हणजे हॉटेल नाही, पण स्क्रीन तीच. त्यांना दिसलं की बटणांवरचे टक्के वाढवले की सरासरी टीप वाढते, पण त्याच वेळी एक पैसाही न देणारेही वाढतात. मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. माणसाला ढकललं की तो पुढे तरी जातो नाहीतर अडून बसतो. आणि अडून बसलेला माणूस राग कोणावर काढतो तर समोरच्या वेटरवर, ज्यानं सेटिंग कधी बघितलंही नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्याहून जुना एक अभ्यास मला फार आवडतो, १९९६ चा, मायकेल मॅकॉल आणि हीदर बेलमॉन्ट यांचा. ज्या छोट्या ट्रेवर बिल देतात त्या ट्रेवर नुसतं क्रेडिट कार्ड कंपनीचं चिन्ह असलं तरी लोक जास्त टीप ठेवतात असं त्यांना आढळलं, आणि हे रोख पैसे देणाऱ्यांच्या बाबतीत सुद्धा! म्हणजे कार्ड वापरलंच नाही, नुसतं चित्र बघितलं आणि हात सैल झाला. आमच्या वेळी आमच्या मालकाकडे असले ट्रे होते, कंपनीवाले फुकट द्यायचे, आणि आम्ही पोरं त्यांना नावं ठेवायचो की घाणेरडे दिसतात म्हणून. आता वाटतं त्यांना रोज घासूनपुसून चकचकीत ठेवायला हवं होतं.

म्हणजे कार्डानं टीप कमी होते असं सरसकट म्हणता येत नाही. कमी होते ती वेटरच्या हातात पडण्याची खात्री.

माझ्याबरोबर तेव्हा काम करणारा एक जण अजून ह्याच धंद्यात आहे, आता कॅप्टन झालाय, मोठ्या ठिकाणी. त्याला फोन केला. तो म्हणाला अरे तू काय विचारतोस, रोख टीपचा रस्ता किती तर टेबल ते खिसा, दोन पावलं. कार्डाच्या टीपचा रस्ता बघ, गिऱ्हाईकाची बँक, मग मशीनवाल्यांची बँक, तिथे कमिशन कापलं जातं, मग मालकाच्या खात्यात येतं एक-दोन दिवसांनी आणि ते सगळ्या बिलांच्या पैशात मिसळून येतं, मग मालकाच्या ऑफिसात कोणीतरी ते वेगळं काढायचं, मग वाटायचं, मग पगाराबरोबर द्यायचं. ह्यात प्रत्येक ठिकाणी एक माणूस आहे आणि प्रत्येक माणसाला घाई आहे. चोरीच व्हायला पाहिजे असं नाही म्हणाला तो, नुसता आळस पुरतो.

त्या कमिशनचं पण ऐका. मशीनवाले एकूण रकमेवर कापतात, म्हणजे टीपवर पण कापतात. ते कोणी भरायचं? अमेरिकेच्या केंद्रीय नियमात मालकाला टीपवरचं तेवढं कमिशन वेटरच्या टीपमधून वजा करता येतं, पण कॅलिफोर्नियात नाही, तिथे कार्डावरची टीप अख्खी द्यावी लागते आणि पुढच्या पगाराच्या तारखेपर्यंत द्यावी लागते. कमिशन म्हणजे दोन-तीन टक्क्यांचा मामला, त्यासाठी वेटरच्या टीपला हात लावायचा म्हणजे दात कोरून पोट भरण्यातला प्रकार आहे. आणि हे त्या देशात जिथे टीप घेणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची केंद्रीय किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढीच, उरलेलं ७.२५ डॉलर ह्या नेहमीच्या किमान मजुरीपर्यंत टीपनं भरून निघेल असं गृहीत धरलेलं, नाही भरलं तर मालकानं भरायचं. बऱ्याच राज्यांत जास्त आहे, पण पाया हा. तिथे टीप म्हणजे कौतुकबिवतुक काही नाही, पगारच आहे आणि तो गिऱ्हाईक देतंय.

ब्रिटननं जरा डोकं लावलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदा लागू झाला की टीप, मग ती कार्डावरची का असेना, टॅक्स सोडून काहीही न कापता कामगारांना द्यायची, आणि ज्या महिन्यात मिळाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत द्यायची. वाटणी कशी करणार ते लेखी ठेवायचं, तीन वर्षं नोंदी सांभाळायच्या आणि कामगारानं मागितल्या तर दाखवायच्या. पण मला सगळ्यात आवडला तो आयर्लंडचा नियम, १ डिसेंबर २०२२ पासूनचा. तिथे हॉटेलात गिऱ्हाईकाला दिसेल अशी पाटी लावावी लागते की टीपचं आम्ही काय करतो, कार्डावरची मिळते का, कशी वाटतो. आणि कामगाराला कागद द्यावा लागतो की एवढ्या काळात कार्डावर एकूण इतकी टीप आली आणि त्यातला तुझा वाटा इतका. बस. त्या पोराला हवा होता तो हाच कागद. ह्यात कुठलं मोठं तंत्रज्ञान आलं? मशीन रात्री मालकाला जो हिशोब छापून देते त्यात टीपची ओळ वेगळी असतेच की.

दुसरी तक्रार, ही पण मोठी आहे. बिलात आधीच सर्व्हिस चार्ज लावलेला असतो आणि वर स्क्रीन टीप मागते. एका ठिकाणी मी हे अनुभवलं, बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात १० टक्के सर्व्हिस चार्ज, मी घाईत बघितलं नाही, मधलं बटण दाबलं, घरी येऊन स्लिप बघतो तर दोनदा दिलेत, आणि दुसरी टीप पहिल्या चार्जसकट, टॅक्ससकटच्या आकड्यावर काढलेली. म्हणजे टॅक्सवर टीप, सर्व्हिस चार्जवर टीप. टॅक्स काय वेटरनं वाढला होता का टेबलावर? कॅनडात क्युबेकमध्ये ७ मे २०२५ पासून नियमच केलाय की मशीननं सुचवायची टीप टॅक्सच्या आधीच्या रकमेवरच काढायची. छोटीशी गोष्ट आहे पण कोणीतरी ती बघितली ह्याचा आनंद झाला.

आणि सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप नव्हे हे अजून बऱ्याच लोकांना माहीत नाही. सर्व्हिस चार्ज मालक लावतो, टीप तुम्ही देता. अमेरिकेचं टॅक्स खातं तर मोठ्या ग्रुपच्या बिलात आपोआप लावलेल्या टीपला (तिकडे तिला ग्रॅच्युइटी म्हणतात, आपल्याकडची नोकरी सोडतानाची नव्हे) टीप धरतच नाही, सर्व्हिस चार्ज धरतं, म्हणजे आधी तो मालकाचा पैसा, मग त्यातून दिला तर पगार. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. तर बिल आधी वाचा, मग स्क्रीनला हात लावा. मी पण आता वाचतो, चष्मा काढून जवळ धरून वाचतो, लोक बघतात, बघू देत.

आता कोणी म्हणेल की तू रोख पैशाचा फार कैवारी दिसतोस. अजिबात नाही. रोख टीप काय दुधानं धुतलेली नव्हती. आमच्याकडे टीपचा डबा होता, गल्ल्याशेजारी, झाकणाला चीर पाडलेली. सगळी टीप त्यात टाकायची आणि रात्री डबा उघडून वाटायचं असा नियम. पण मोठी नोट डब्यापर्यंत कधी पोचायचीच नाही, वाटेत मोज्यात जायची, आणि सगळ्यांना माहीत होतं कोणाच्या मोज्यात. सिनियर वेटर दाराजवळची टेबलं स्वतःकडे ठेवायचे आणि नवीन पोराला मोरीजवळचं टेबल. मागे भांडी घासायला एक काका होते, त्यांना डब्यातून शेवटी उरलेली नाणी मिळायची, ते ती मोजायचे पण नाहीत, नुसती खिशात टाकायचे आणि "चला" म्हणायचे. तो "चला" माझ्या अजून कानात आहे. आणि एका महिन्यात डब्यातून गल्ल्यावर सुट्टे पैसे म्हणून गेलेली रक्कम कधी परत आलीच नाही, त्याचा तर कोणी हिशोबच ठेवला नव्हता.

म्हणून तर कार्डाची टीप मला तत्त्वतः आवडते! तिची नोंद राहते. किती आली, कधी आली, कुठल्या टेबलावर आली, हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. मोज्यात जाऊ शकत नाही. मागच्या भांडीवाल्या काकांना ठरलेला वाटा देता येतो. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी त्यासाठी ट्रॉंकमास्टर नावाचा माणूसच असतो, टीपची वाटणी बघणारा. म्हणजे जे डब्यानं कधी केलं नाही ते ही मशीन करू शकते, आणि करत नाही, म्हणून जास्त चीड येते. नोंद आहे पण ती चुकीच्या माणसाकडे आहे. वेटरला कोपराला गूळ.

मधल्या मधल्या पर्यायांबद्दल पण थोडं सांगतो. एका ठिकाणी वेटरच्या बिल्ल्यावर क्यूआर कोड होता, फोननं स्कॅन करा आणि टीप थेट त्याच्या खात्यात. पैसे थेट गेले, त्याचा फोन माझ्यासमोर वाजला, तो हसला, मी हसलो, छान वाटलं. पण जेवून उठताना फोन काढून माणसाच्या छातीवर रोखायचा हे जरा कसंतरीच आहे, आणि त्यात स्वयंपाकघरातल्यांचं काय? ते तर बाहेर येतच नाहीत, त्यांच्या बिल्ल्यावर कोण फोन रोखणार. तीन स्टार देईन त्याला. टेबलावरच क्यूआर चिकटवलेला असतो तो मात्र मी वापरत नाही, तो कोणाच्या खात्यात जातो देव जाणे, वरून कोणी दुसरा स्टिकर चिकटवून गेला असेल तरी कळायचं नाही.

आणि टीपच बंद करा, जेवणाच्या किमतीतच सगळं घ्या असं म्हणणारे पण आहेत, माझा मेव्हणा त्यातला. वाचायला बरं वाटतं. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयरनं २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांत हे जाहीर केलं होतं, मोठं नाव, मोठा गाजावाजा, आणि २०२० मध्ये टीप परत सुरू केली. मेव्हण्याला हे सांगितलं तर म्हणाला लोकांना सवय नाही. असेल. पण मला वाटतं शेजारच्या हॉटेलात किमती कमी दिसतात आणि टीप नंतर लागते, तिथे एकट्यानं प्रामाणिक मेन्यू लावून बसणं अवघड आहे. फ्रान्समध्ये सेवा किमतीतच धरलेली असते ती सगळ्यांनाच, एकट्यादुकट्याला नाही, म्हणून चालतं.

तर रेटिंग. वेगाला पाचपैकी पाच, मान्य करतो, सुट्ट्यांची भानगड नाही, चौघांत एक नोट नसताना टीप देता येते हे काही कमी नाही. बटणांना दोन, टक्के आणि रक्कम ह्यांचा घोळ घालणाऱ्याला मी तर एकच दिला असता पण "टीप नको" निदान आहे म्हणून एक वाढवला. वेटरला मान फिरवून एसीकडे बघायला लावण्याबद्दल शून्य, त्यापेक्षा मशीन टेबलावर ठेवून त्याला दोन मिनिटं जाऊ द्या की, कोण पळवून नेतंय तुमचं यंत्र. आणि पैसे पोचतात का ह्याला मार्क कसे द्यायचे, पोचणाऱ्यालाच माहीत नाही. मला स्वतःला म्हणाल तर आता मी फोनच्या कव्हरमध्ये दोन घडी केलेल्या नोटा ठेवतो, बिल कार्डावर आणि टीप हातात, आणि नोट नसली तर बटण दाबायच्या आधी हळूच विचारतो की तुम्हाला मिळतं ना हे. उत्तर देताना माणूस गल्ल्याकडे बघतो का माझ्याकडे, त्यावरून कळतं.

त्या हॉटेलच्या मॅनेजरला मी जाताना म्हटलं होतं की पोरांच्या पगाराच्या कागदावर टीपची एक ओळ वेगळी छापा ना, बाकी काही करू नका. तो म्हणाला बघतो, ऑफिसला सांगतो. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, पगार झाल्यानंतरच्या आठवड्यात, आणि त्याच पोराच्या टेबलावर बसणार आहे. ओळ आली असली तर इथे येऊन अर्धा स्टार वाढवतो.